शेवटच्या रविवारचे आकडे

शेवटच्या रविवारी आम्ही सात जण होतो,
त्यातला एक पाद्री.
फळ्यावर लाकडी आकडे मीच लावले:
त्रेचाळीस, एकशे एकवीस, नव्वद.
तीन स्तोत्रं म्हटली, दार ओढलं,
वीतभर लांब चावी एप्रनच्या खिशात टाकली
आणि घरी जाऊन बटाटे सोलले.

पुढे अकरा वर्षं आकडे तसेच.

आमच्या खालून वायू काढत होते ते, माझ्या लग्नाच्या आधीपासून.
साऱ्या हॉलंडच्या चुली पेटल्या,
इथे जमीन खचली, आणि उत्तरेच्या खिडकीखाली
भिंतीला भेग पडली.
एक साहेब येऊन भेगेवर काचेची पट्टी चिकटवून गेला.
म्हणाला, भेग वाढली की काच फुटेल.
काच फुटली.
साहेब आला नाही.

मग सभा भरली, खानावळीत, बिअरच्या वासात.
ॲमस्टरडॅमचा एक दातांचा डॉक्टर गिऱ्हाईक होता.
वेदीच्या जागी त्याला न्हाणीचं टब हवं होतं.
पहिला हात वर केला हार्मानुसने,
बाप्तिस्म्यानंतर ज्याने उंबरा ओलांडला नव्हता:
"देवाचं तुम्ही बघा.
पण हा मनोरा गेला
तर धुक्यात मला माझं घर सापडायचं नाही."
एवढ्यावर ठरलं.

बाकं उखडली तेव्हा खाली निघालं
दोनशे वर्षांचं कंटाळणं:
पेपरमिंटचे कागद, केसांच्या पिना, एक दुधाचा दात,
आणि फळीच्या पोटाला चाकूने कोरलेलं "फोक्को".
फोक्को आता ऐंशीचा. बघून लाजला,
मग म्हणाला, ही फळी मला द्या.

मी मदत केली नाही. उघडून द्यायचे, बसून राहायचे.
सोळाशे ब्याऐंशीच्या जमीनदाराच्या थडग्यावर
बायका नाच शिकू लागल्या, टाचा आपटत.
मी मनात म्हटलं, सोस बाबा.
तूही आमच्या आजोबांना कमी नाचवलं नाहीस.

व्हिट्स्के, म्हणजे आमची नवी व्यवस्थापक, वय सव्वीस,
म्हणाली, फळ्यावर कार्यक्रमाच्या तारखा लावू या?
मी म्हटलं, आकड्यांना हात लावायचा नाही.
ती गप्प बसली. तिलाही आजी असणार.

सेनाइतने विचारलं मात्र.
एरिट्रियाहून आलेली, गुरुवारी इथे कॉफी भाजते,
धूर थेट छतातल्या रंगवलेल्या देवदूतांपर्यंत जातो.
"मधल्या आकड्यात काय आहे?"
डोंगर, मी म्हटलं.
सांगता सांगता माझंच मला हसू आलं:
साठ वर्षं मी डोंगरांविषयी गात आले
आणि इथे सगळ्यात उंच काय,
तर समुद्राला अडवणारा बांध,
त्यावर मेंढ्या.

ती हसली नाही.
म्हणाली, आमच्या केरेनला चारी बाजूंनी आहेत.
आणि मुलांच्या नाटकासाठी
जुन्या शिडाच्या कापडावर तिने ते काढले,
विटकरी, जांभळे, एकामागे एक,
आणि कापड टांगलं उत्तरेच्या भिंतीवर.
भेग कापडाहून लांब होती.
वर उरली थोडी,
शिखरावरून कुणी दोरी सोडावी तशी.

नाटकाच्या रात्री पाऊणशे माणसं, कोट घालूनच.
ऊब अजून पुरती पोचत नाही.
राजा झालेल्या मुलाचं भाषण लांबलं,
आमच्या पाद्रीबुवांची आठवण यावी इतकं.
शेजारी सेनाइतचा धाकटा चुळबुळ करू लागला,
बाकाला टाचा मारू लागला.

माझा हात आपोआप खिशात गेला.
चावी बाजूला सारली,
पेपरमिंट काढलं, आवाज न करता कागद सोडवला,
आणि समोर बघतच
त्याच्या तळव्यावर ठेवलं,
आई ठेवायची तसं.

सकाळी शिडी लावली.
त्रेचाळीस काढला, नव्वद काढला.
डब्यात घालून व्हिट्स्केला दिले.
मधला राहू दे, म्हटलं.
तारखांना एक कमी पडले
तर फोक्को कोरून देईल.