गुरुवारची फेरी

कळंब्याच्या फाट्यावर माझी स्कूटर वळते
तेव्हाच म्हादबा संकपाळांना कळतं.
चाळीस वर्षं उद्यमनगरात, लेथवर तयार झालेला कान तो.
"टॅपेट वाजतंय की हो डॉक्टरीणबाई!"
मी छातीला नळी लावायच्या आधीच
त्यांचं निदान तयार.

एकवीस खाटा, दोन तास.
हमीदाबी दर गुरुवारी वेगळा गुडघा दाखवतात,
दोनच आहेत म्हणून निभतंय.
पूर्वी मी गोळ्या लिहायचे, आता खोडते:
अकराच्या सात, सातांच्या चार.
कुणाची तरी मुलगी फोनवर विचारते,
"म्हणजे सोडून दिलंत का त्यांना?"
शेजारून उसाची ट्रॉली धडधडत जाते
आणि तेवढा वेळ
उत्तर द्यावं लागत नाही.

परवा रात्री मालनचा फोन.
"म्हादबा श्वास ओढाय लागल्यात. सीपीआरला न्यायचं?"
दिवाळीआधी कधीतरी
माझी बाही धरून ते म्हणाले होते,
"बेअरिंगच झिजलंय, ग्रीस किती घालशिला?
नळ्या नकोत."
साखर लिहिली होती मी, दाब, लघवी, झोप.
हे वहीत नव्हतं.
"नको नेऊ," म्हटलं, "मी येते."

पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते.
फाटकाशी इंजिन मुद्दाम जरा चालूच ठेवलं.
आतून कुणी काही बोललं नाही.

गॅरेजवाला म्हणतो,
मॅडम, काहीच वाजत नाही.
आज डाव्या गुडघ्याची पाळी.