मारवेल

दहिवडीहून आटपाडीला येताना
अंबूताईच्या मांडीवर ओलं पोतं.
"काय आहे यात?" कंडक्टर.
"गवत."
तो हसला, तरी लगेजचं तिकीट फाडलंच.
सातबाऱ्याच्या घडीत ते अजून आहे.

बी फेकलं असतं तर वाऱ्यानंच नेलं असतं,
इतकं हलकं, केसाळ.
म्हणून ठोंबं. हाताहाताच्या अंतरावर,
बांधाच्या त्या अंगाला
जिथं कुदळीखाली नुसता मुरूम खणखणतो.
मामंजी म्हणाले, बांधावरचं गवत उपटणारी माणसं बघितली,
लावणारी ही पहिलीच.

वर्षभर तिनं विळा लावला नाही.
मग पेऱ्यापेऱ्यावर पांढऱ्या लवेचं कडं,
आणि जांभळट तुरा
कोंबडीच्या पावलागत बोटं पसरायच्या आत
कापायचं, चार बोटं खाली राखून.
"मुळाला विळा दाखवायचा नाही," ती सांगते,
जशी तिला कुणीतरी तो दाखवला होता.
मी थोरल्या जावेला हे कधी विचारलं नाही.

मैना कालवड कडबा हुंगते, बाजूला सारते,
हिरव्या पेंढीत डोळ्यांपर्यंत तोंड.

गेल्या उन्हाळ्यात सगळा बांध तांबूस झाला.
मामंजी काही बोलले नाहीत, तेच जास्त बोललं.
अंबूताईनं एक ठोंब नखानं खरवडलं,
बराच वेळ बघत राहिली.
"हाय," म्हणाली.
एवढंच.

आज धाकटी नणंद निघालीय जतला,
दारात ओलं पोतं.
ठोंबं मोजून नाही, ओंजळीनं.
"तिकीट मागितलं तर काढ,
अन् टाकू नको."