पांचट

यॉलच्या धक्क्यावर, जुन्या मिठाच्या गोदामात
चहाची कंपनी आहे, तिथे मी पत्रं फोडते.
एकवीस वर्षं झाली.
पूर्वी वर्षाकाठी चाळीसेक यायची,
बहुतेक खोक्याच्या झाकणाबद्दल.
या मार्चपासून पोत्याने येतात.

झालं एवढंच :
मिश्रणातला एक चहा काढला, दुसरा वाढवला,
आणि वर सोनेरी अक्षरांत छापलं : 'आता आणखी भरदार'.
छापलं तिथेच घसरलो, असं फिनबार म्हणतो.
मिश्रण तोच जुळवतो.
'न सांगता सात वेळा बदललाय मी,
संपात, दुष्काळात, जहाज अडकलं तेव्हा.
कुणी कप खाली ठेवला नव्हता.'

आता ठेवलेत.
एकाने नुसतं 'पांचट' लिहिलंय, खाली तीन रेघा, कागद फाटेस्तोवर.
एक जण लिहितो, दूध घातलं की मांजराच्या पोटाचा रंग येतो.
कार्लोची नर्स : पहाटे चारला माझा
या एकाच गोष्टीवर भरवसा होता.
डोनल ओ'ड्रिस्कल, मासेमार, यांनी वापरलेल्या पिशव्या धाडल्या,
ओल्याच. मेजावर डाग पडला, तो अजून आहे.
एक शाळकरी मुलगा : आजी आता नुसतं गरम पाणी पिते
आणि आमच्याकडे बघत बसते.
डेलिया मकिनर्नी बाई : नवऱ्याशी माझं चाळीस वर्षं
फक्त दुपारी चारला पटायचं.
आता तेही तुम्ही

वाक्य पुरं केलेलं नाही.

सगळ्यांना छापील उत्तर जातं :
आपल्या भावनांची आम्ही नोंद घेतली आहे.
घेतेच मी. वहीत. तारीख, नाव, गाव,
शेवटचा रकाना 'कारण'.
तिथे चव, चव, चव,
पुढे पुढे नुसतं 'वरीलप्रमाणे'.

ऑगस्टात कंपनी नमली.
'जुनी चव परत.' खोकंही पुन्हा हिरवं.

पण जुन्या चवीला जुना मळा लागतो.
तो आसामात होता, अर्धा नदीने खाल्ला,
उरलेला विकला गेला.
हे तिघांनाच ठाऊक : मालकीणबाई, फिनबार आणि मी,
कारण मळ्याचं पत्रही माझ्याच हातून फोडलं गेलं होतं, जानेवारीत.
'नदी आता कारखान्याच्या पायरीशी आली आहे.
इतक्या वर्षांच्या व्यवहाराबद्दल आभारी आहोत.'
त्यालाही मी छापील उत्तर पाठवलं.
हाताला सवय होती. पेटीत पडल्यावर लक्षात आलं.

फिनबार अकरा दिवस घोट घेत होता आणि थुंकत होता.
शेवटी तीन मळ्यांना मिळून एका मळ्याचं सोंग आणता आलं.
लोक जिंकले. केक आले, एक तर वाटेत चेपलेला.
नर्सने लिहिलं, हाच तो, हाच.
ओ'ड्रिस्कलनी मॅकरेल धाडले, बर्फात,
पण पोस्टाने.

आणि परवा इटा क्विल्टी, निवृत्त पोस्टमास्तरीण, किलरश :
'हा तो नाही.
पण कुणीतरी फार खपलंय यासाठी, ते जिभेला कळतं.
त्यांना सांगा.'

मी ते वर नेलं.
फिनबारने उभ्या उभ्या वाचलं, हातात थुंकायचा पेला.
परत वाचलं.
'मोठं खोकं घेते का लहान?' एवढंच विचारलं.
मला माहीत नव्हतं.

खाली आले. छापील कागद उचलला, ठेवला.
वही उघडली. इटा क्विल्टी, किलरश.
कारण : नदी.
शाई वाळेपर्यंत थांबले,
मग पुढचं पाकीट घेतलं.

झाकणाबद्दल होतं.