रफू, मे महिन्यात

रणभिसे बाईंनी शाळेच्या माळ्यावरून
टॉवेलात गुंडाळून आणलं ते.
मला वाटलं, मेलेलं मांजर.
"मफ म्हणतात याला," त्या म्हणाल्या,
"मडमा हात घालायच्या यात, दोन्हीकडून.
अमेरिकेत. बर्फात."

पंखा गरम हवा नुसती ढवळत होता.
बाहेर साखर पेठेत डांबर चपलांना चिकटत होतं.

वरून मिंक, काळपट तपकिरी.
फुंकर मारली की केस दुभंगतात
आणि खालून दुसरेच दिसतात, राखी, मऊ,
जनावराचे खासगी.
अस्तर उसवलं होतं तिथून जोड मोजले : सहा.
सहा पाठी, एका बाईच्या दहा बोटांसाठी.

पेटीवर नाव आहे म्हणे, लव्हिनिया प्रेंटिस,
अठराशे एकाहत्तर.
सोलापूरचं ऊन तिला कुणी सांगितलं नसेल?
की सांगितलं, तरी आणलं?
एखाद्या जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत,
पहाटे घातलेही असतील हात.
बघणाऱ्यांना वाटलं असेल,
या बाईला मनगटापुढे जनावर आहे.

आमच्या घरात माग. हात झाकायची सोय नाही.
लहानपणी हात मागे लपवले
की आई विचारायची, काय फोडलंस?

अस्तर रेशमी, जांभळं, विटून कोऱ्या चहासारखं.
आत एक चोरकप्पा,
चिठ्ठीसाठी असेल, नाण्यासाठी असेल.
त्यात कडुनिंबाचा चुरा.
आणि कप्प्याच्या कडेला चार बोटं जुना रफू,
रेशमावर सुती दोरा!
मी हसणार होते.
मग गाठ दिसली.

तुटलेला ताणा जोडताना मारतात ती,
चपटी, खळ लावून दाबलेली,
नखाखालून सरकते पण सुटत नाही.
बोटीतून आलेली नाही ही गाठ.
पाटी-पेन्सिलीच्या आधी
वडिलांनी मला हीच शिकवली होती.

बाईंना काही बोलले नाही.
बाकीचं सगळं रेशमानं भरलं, दिसणार नाही असं.
ती चार बोटं तशीच ठेवली.

संध्याकाळी दार लोटून
हात घातले आत, दोन्हीकडून.
लगेच घाम.
मधोमध माझी बोटं माझ्याच बोटांना भेटली
परक्यासारखी,
आणि अंगठ्याला ती गाठ लागली.

बिलावर शंभर लिहिले.
मग खोडून दीडशे.