उत्तेजनार्थ

पदक आलं तेव्हा इंगुना मासे धुरावर लावत होती.
रोयाच्या बंदरामागची टपरी, अल्डरच्या लाकडाचा धूर,
आकड्यांना शेपटीकडून टांगलेले चपटे मासे,
आणि दारात रीगाहून आलेला गुंटिस,
महासंघाचा, कोवळ्या दाढीचा,
बुटांत वाळू जाऊ नये म्हणून फळीवर उभा.
"इथे सही. इथे पण. आणि एक फोटो, चालेल?"
मग जरा चाचरत, फोन पुढे करून:
"राष्ट्रगीत लावू का?"
"नको," ती म्हणाली, "गिऱ्हाईक खोळंबलंय."

आमच्या शाळेत चौथ्या नंबराला म्हणायचे उत्तेजनार्थ.
एक पेन्सिल मिळायची, टोक न केलेली.
त्या मैदानावर चौथीला पेन्सिलही नव्हती.

अकरा सेंटीमीटर. जेमतेम अर्धी वीत.
तिचा भाला इथे रुतला,
स्नेझानाचा तिथे,
आणि मधल्या ओल्या गवतात
शिष्यवृत्ती, खांद्याचं ऑपरेशन, पुढची चार वर्षं.

वेल्टा, तिची प्रशिक्षक, रात्रभर फीत मागेपुढे करत बसली.
"डावी टाच," शेवटी म्हणाली.
"टाच उशिरा टेकलीस. ते अकरा तिथे राहिले."
वेल्टा वारली तेव्हाही तिला हेच ठाऊक होतं.

पाऊस होता त्या दिवशी.
भाला पुसायला टॉवेल दिला तो स्नेझानानेच.
नंतर तपासणीच्या खोलीत पहिल्या तिघी,
आणि चिठ्ठीत नाव निघालं म्हणून ही चौथी.
पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या,
आणि लघवी काही केल्या होईना.
एकीची भाषा दुसरीला येत नव्हती.
स्नेझानाने नळ सोडून धारेचा आवाज ऐकवला
तेव्हा चौघी हसून हसून वाकल्या,
दारातली पहारेकरीणसुद्धा.

नमुना क्रमांक अमुक, नमुना क्रमांक तमुक.
आठ वर्षं त्या हसण्याच्या बाटल्या
शेजारीशेजारी गोठून होत्या कुठल्याशा शीतपेटीत,
मोहोरबंद, कोणाचं नाव नाही.
मग नवं यंत्र आलं. बर्फ वितळला.
एक बाटली बोलली.
दुसरीकडे बोलण्यासारखं काही नव्हतं,
आणि तेच तिचं म्हणणं होतं.

स्नेझानाला कोणी टोचलं, किती वर्षांची असताना,
जीवनसत्त्व म्हणून की खरं सांगून,
पत्रात नव्हतं.
पत्रात एवढंच: क्रमवारीत बदल.

इंगुनाने पदक मासे तोलायच्या काट्यावर ठेवलं.
काटा हलला.
म्हातारा यानिस्लाव बघत होता, म्हणाला,
"मध्यम माशाएवढं. काटे काढलेल्या."
ती हसली, मग हसणं कुठे थांबवावं हे तिला कळेना,
म्हणून ती पाठ वळवून लाकडं सारत राहिली.

तो टॉवेल अजून आहे.
त्याचं केव्हाच पोतेरं झालंय.
संतापाने नव्हे, जुना झाला म्हणून.
आता संतापावं म्हटलं तर
हातात येतं ते हे पोतेरं,
आणि नळाच्या धारेचा आवाज.

उत्तेजक तिसरीच्या रक्तात होतं.
उत्तेजनार्थ चौथीच्या दारात आलं,
वरातीमागून घोडं,
तेही सही करून घ्यावं लागलं.

रात्री तिने हातांवरचे खवले खरवडले,
चुलीवरचं पाणी परातीत ओतलं
आणि डावा पाय आत सोडला.
आठ वर्षं या टाचेशी ती बोलली नव्हती.
खडीवर मुद्दाम आपटायची,
थंडीत हिलाच आधी भेगा पडू द्यायची,
बूट घेताना हिचं कधी ऐकलं नाही.
अंगठ्याने ती भेगांतला धूर काढत राहिली, हळू,
पाणी काळं होईपर्यंत,
मग गार होईपर्यंत.
उजवा पाय कोरडाच होता, वाट बघत.