मुंधिरचं भाषांतर

रुवीत, बसस्टँडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
संध्याकाळी पाचला एक जपानी मुलगी अरबीत बोलायची
आणि आम्ही दोघं मालवणी भावंडं तिच्यापुढे
परोट्यात चिप्स चुरून, गुंडाळून, खात बसायचो.
मोठे डोळे. तांबडा मफलर. पत्र्याचा एक बगळा,
त्याच्या पाठीवरून ती जळत्या शहरांवर उडायची.
काय बोलते ते कळायचं नाही.
कुणाला तरी सोडून निघालीय, एवढं मात्र कळायचं.
ते आम्हाला सीब विमानतळाने शिकवलं होतं.

वरच्या मजल्यावरचा मुंधिर चपला दाराबाहेर काढून यायचा
आणि तिचं बोलणं हिंदीत सांगायचा, त्याच्या बापाच्या दुकानातल्या हिंदीत,
जिच्यात बायकाही ‘आएगा’ आणि ‘जाएगा’.
अरबीत ती लमीस. आमच्या घरात बायो.
जपानात तिला काय म्हणतात, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

शेवटच्या भागात बगळ्याचा एक पंख जळून गेलेला,
म्हातारा दारात उभा, ती वळते, ओठ हलतात,
आणि मुंधिर, तोंडात घास तसाच ठेवून,
‘बोलती, मैं वापस आएगा. तुम लाईट बंद मत करो.’

त्या रात्री मी ट्यूबलाईट कुणाला बंद करू दिली नाही.
बाबा दिवसभर लोकांचे एसी उघडून आलेले.
‘कोण येवचो आसा?’ म्हणाले,
आणि उजेडातच भिंतीकडे तोंड करून झोपले.

परवा मूळ जपानी सापडलं, खाली अक्षरांसकट.
तिचं नाव सायोको. ती वळते, ओठ हलतात:
‘भात झाकून ठेवलाय. गार होईल.’
वाईट नाही. खरं तर चांगलंच आहे.
पण मी त्या वाक्यावर वाढले नव्हते.

मग तीन आठवडे, ऑफिसातले हिशेब मिटवून, रात्री,
मी सायोको कापत बसले. त्रेचाळीस तुकडे.
शेजारच्या टेबलावरचा रोडेल म्हणाला,
डोळा मिटल्यावर कापू नकोस, मिटायच्या आधी काप.
गाणं नाही घातलं. बाबांच्या दशावताराची जुनी कॅसेट होती,
तिच्यातला पखवाज घातला, मागे कुत्रं भुंकतं त्यासकट,
आणि शेवटी पडद्यावर मुंधिरचं वाक्य,
त्याच्या चुकीसकट.

दोह्याहून भाऊ म्हणाला, ताई, हे तुझं कसं?
एक रेघ तरी तू काढलीस का?
नाही काढली.
कुठे थांबायचं तेवढं मी ठरवलं.

बाबांनी कुडाळात फोन डोळ्याजवळ धरून पाहिलं.
पखवाज ओळखला. कुत्रंही ओळखलं.
मी सांगितलं, मुंधिर तेव्हा खोटं सांगत होता.
राजाचं सोंग वीस वर्षं काढलेला माणूस हसला.
‘माका कोणी कधी लिवन दिल्यानी?
कथा सगळ्यांका म्हायत. लोक बसत ते,
आज हो काय बोलतलो, ता आयकूक.’

मुंधिर आता सोहारच्या बंदरात क्रेन मोजतो.
पाठवलं त्याला. दोन दिवस काही नाही.
मग: ‘वाक्य सुंदर आहे. कुणाचं?’
पाठोपाठ: ‘व्याकरण मात्र चुकलंय.’

मी लिहिलं, तुझं. खोडलं.
लिहिलं, तिचं. तेही खोडलं.
शेवटी लिहिलं, रुवी, दुसरा मजला, संध्याकाळचे पाच.

बराच वेळ तो काहीतरी टाईप करत होता,
थांबत होता, पुन्हा करत होता.
मग एवढंच आलं:
‘खालच्या दुकानात तो परोटा अजून मिळतो का?’