टोपी

ओल्डरॉइडच्या दुकानात, हॅलिफॅक्सच्या चढावर,
मखमलीच्या खणात ती ठेवली होती :
बासरीच्या टोकाची टोपी, सोन्याचा मुलामा,
अंगठ्याच्या नखाएवढी. एकशे चाळीस पौंड.
"आवाज खुलतो म्हणतात," तो म्हणाला,
आणि 'म्हणतात'वर जरा थांबला.

मी घेतली.
चाळिशीत हाती धरलेल्या आडव्या, चांदीच्या, कळांच्या बासरीला
माणूस काय काय घेऊन देतो.

घरी अच्युतला पाठमोरा बसवला,
हातात बटाटे, पुढ्यात सालांचा ढीग.
"ओळख, जुनी की नवी."
एकच ओळ, नऊ वेळा.
चारदा बरोबर आला, चारदा चुकला.
छापा-काटा केला असता
तर बटाटे तरी लवकर सोलून झाले असते.

नवव्यांदा मी कुठलीच टोपी लावली नाही.
टोक बोडकं, बुचाचा आटा बाहेर डोकावत.
तो सोलायचा थांबला.
"ही. ही सोन्याची."

काय केलं होतं मी?
बोडक्या बासरीची दया आली असेल,
म्हणून ओठ सैल सोडले,
श्वास पोटातून आणला,
आणि त्या ओळीच्या शेवटी, जिथे मी नेहमी पळते,
तिथे पळाले नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, ठाऊक आहे मला.
पण अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं.
मार्चमध्ये बूच सुकून आक्रसलं,
खालचे सूर फाटायचे,
महिनाभर स्वतःलाच कोसत होते;
ओल्डरॉइडने सहा पौंडांत नवं घातलं.
आणि चॅपलच्या हॉलमधला तो हीटर!
तो बंद असला की आख्खा बँड सुरातून उतरतो.
तेव्हा बासरी कोटाच्या आत धरून बसते मी,
गरम पाण्याची पिशवी धरावी तशी,
फक्त ऊब उलट्या दिशेने जाते.

टोपी परत द्यायला गेले.
त्याने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"नाही ना पडला फरक?"
"पडला. काढल्यावर."
तो हसला नाही. ऐकूच गेलं नसावं.
कानांतली दोन्ही यंत्रं काउंटरवर चार्जिंगला होती.
मी त्यांच्याकडे बघतेय हे पाहून म्हणाला,
"ह्यांचा विक्रेताही हेच म्हणाला होता,
आवाज खुलतो."

बसस्टॉपवर हात आपसूक पिशवीत गेला.
जुनी टोपी जागेवर होती, जराशी सैल.
आवळली.
मग बस येईपर्यंत
आणखी एकदा.